सात हजार चारशेचा एसी

१४ ऑक्टोबर, सोमवार

एसी बंद पडला. सकाळी साडेनऊला. आधी घुर्रघुर्र, मग नुसतं वारं. तेही कोमट, कुणी तोंडावर श्वास सोडल्यासारखं. रिमोटच्या बॅटऱ्या बदलल्या. फ्यूज पाहिला. जाळ्या काढून धुतल्या, उन्हात वाळवल्या, परत बसवल्या. ढिम्म!

बाहेर चौतीस डिग्री. हवा अशी की सकाळी वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळीही ओलाच. या दिवसांत उत्तर ऑस्ट्रेलियात, डार्विनमध्ये, एसी ही कुणाचीच चैन नाही, आमची तर नाहीच नाही. माझ्या नवऱ्याला, स्टामाटिसला, उष्णता चालत नाही. डॉक्टर म्हणतात, नसांवरचं आवरण झिजलंय, अंग तापलं की डोक्याचा निरोप पायांपर्यंत पोचत नाही. बारा वर्षं झाली. गार खोलीत तो काठी धरून खुर्चीपर्यंत चार पावलं टाकतो. खोली तापली की एकही नाही.

दुपारी त्याला ओल्या चादरीत गुंडाळून ठेवलं. "द्राक्षाच्या पानातला भात केलास माझा," म्हणाला. "आता उकडायला ठेव."

मिकेसला फोन केला. उद्या सकाळी येतो म्हणाला.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

मिकेस आला. तीस वर्षं इथल्या अर्ध्या कालिम्नोसकरांचे एसी तोच बघतो. तो आणि स्टामाटिस ग्रीसच्या त्या एकाच कालिम्नोस बेटावरून आले, एकाच होडीवर कोळंबी पकडली, मग स्टामाटिस फरशी बसवायला लागला आणि हा एसी. आमच्या मुलीचा, कालिरोईचा, धर्मबाप आहे, म्हणून मला अजून "कुंबारा", धर्मसोयरी, म्हणतो. त्याच्या शब्दावर मी डोळे मिटून विहिरीत उडी मारली असती.

बाहेरचा डबा उघडून अर्धा तास काहीतरी केलं. मग स्टामाटिसशी बोलायला आत गेला. मी कॉफी करत होते. ट्रे घेऊन आले तर दोघंही गप्प.

"कॉम्प्रेसर गेलाय," मिकेस म्हणाला. माझ्याकडे न बघता. "भिंतीतली तांब्याची नळीही खराब झालीय. नवीन मशीन घ्यायचं तर वायरिंग जुनं, बोर्ड जुना, तोही बदलावा लागेल."

"किती?"

"सात हजार चारशे."

मी खुर्चीत बसले.

"डॉलर?"

"नाही, ऑलिव्हच्या बिया!" स्टामाटिस पलंगावरून म्हणाला. कुणीच हसलं नाही.

"आणि तरी खात्री देत नाही मी," मिकेस म्हणाला. "घरच जुनं झालंय, कुंबारा. दर वर्षी काहीतरी निघेल. विकून टाका आणि पोरीकडे जा. तिकडे थंडी आहे."

कॉफी अर्धी ठेवून गेला. पैसे घेतले नाहीत.

मशीन घेऊन चार वर्षं झाली फक्त! चार वर्षांत कॉम्प्रेसर जातो?

१६ ऑक्टोबर, बुधवार

कालिरोईचा होबार्टहून फोन. तिच्याकडे आज अकरा डिग्री, मोजे घालून बसली होती. "आई, सात हजार त्या घरात नको घालूस. इकडे या. खालची खोली रिकामीच आहे."

म्हटलं, तुझे बाबा येणार नाहीत. या घराची फरशी न फरशी त्यांनी हाताने बसवलीय. पत्त्यांचा डाव, समुद्र, चर्च, सगळं इथे. तेच म्हणायचे ना, इथून मला पायांनी नाही, पेटीतूनच न्या?

"तू त्यांना विचारलंस?"

विचारायचं काय त्यात. चाळीस वर्षं संसार केलाय.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

छत्तीस. गडगडतं नुसतं, पडत काही नाही. बर्फाच्या पिशव्या, गोठवलेले मटार, ओले पंचे. आज मॉलमध्ये नेलं त्याला. चाकाच्या खुर्चीत, गार हवेत चार तास. डार्विनमधले सगळे म्हातारे तिथेच बसलेले असतात, एक कॉफी दुपारभर पुरवत. येताना गाडीत चढवताना कंबरेत कळ आली. बोलले नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

कपाटातल्या बुटांच्या खोक्यात एसीचा कागद सापडला! कॉम्प्रेसरवर पाच वर्षांची हमी. पाच! म्हणजे गेला असला तरी तो कंपनीने फुकट द्यायला हवा. ही गोष्ट मिकेसला ठाऊक नसेल? त्यानेच तर बसवला होता!

फोन केला. म्हणाला, "भाग देतील फुकट. मजुरी नाही देत. आणि वायरिंग आहेच."

"मग तू बोलला का नाहीस?"

"विसरलो, कुंबारा."

मिकेस विसरला. ज्याला सगळ्या गावाच्या पोरांचे वाढदिवस पाठ आहेत!

स्टामाटिसला म्हटलं, तुझ्या मित्राचं काहीतरी बिनसलंय. तो म्हणाला, "वय झालं त्याचं." आणि डोळे मिटले.

२३ ऑक्टोबर, बुधवार

कंपनीचा कागद वाचून एजंटला बोलावलं. निळ्या शर्टचा माणूस आला, गाडीवर पेंग्विनचं चित्र. हात लावायच्या आधीच म्हणाला, नुसतं येण्याचे एकशे पासष्ट. फोनवर त्यांच्या ऑफिसातल्या बाईने हे सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

दहा मिनिटांत निदान. "कॉम्प्रेसर ठणठणीत आहे. गॅस कमी झालाय. भरून देतो."

"ठणठणीत? नक्की?"

"बाई, मी रोज हेच करतो."

गॅसचे तीनशे नव्वद. एकूण पाचशे पंचावन्न. बिलावर एकच ओळ: 'सर्व्हिस व गॅस'. किती गॅस, कसला, का कमी झाला, काही नाही. पण गार वारं आलं! स्टामाटिसने डोळे मिटून तोंड वर केलं, चर्चमधल्या संतासारखं. मी कसले प्रश्न विचारतेय त्या वेळी!

मग मिकेसचा सात हजार चारशेचा कॉम्प्रेसर कुठला?

२४ ऑक्टोबर, गुरुवार

आज तो संडासापर्यंत स्वतः चालला. नऊ पावलं. मोजली मी.

२७ ऑक्टोबर, रविवार

चर्चमध्ये मिकेस दिसला. एसी सुरू झाल्याचं सांगितलं. "बरं झालं," म्हणाला. खूश दिसला नाही. कामाचे पैसे गेले म्हणून? छे, मिकेस असा नाही. की आहे? माणूस कळतो म्हणतात तो किती कळतो?

१ नोव्हेंबर, शुक्रवार

परत बंद. नऊ दिवस! पाचशे पंचावन्नला नऊ दिवस. दिवसाला साठ डॉलरच्या वर झालं. त्यापेक्षा हॉटेलात राहिलो असतो.

एजंटला फोन. तीच बाई. "परत यायचे एकशे पासष्ट होतील. गळती शोधायची असेल तर चारशे ऐंशी वेगळे, सापडेलच असं नाही."

"गळती असेल तर मग पहिल्यांदा का नाही शोधली?"

"तुम्ही सांगितलं नव्हतं."

मी सांगायचं? मी बत्तीस वर्षं शाळेच्या कॅन्टीनमध्ये सँडविच केली! पोरं "भूक लागली" म्हणायची. कुठला पाव, किती चीज हे मी बघायचे!

२ नोव्हेंबर, शनिवार

आता वाटतंय मिकेसच बरोबर होता. कॉम्प्रेसर मेलेलाच असेल, गॅसने नऊ दिवस धुगधुगी आली असेल. मग एजंट खोटा. पण एजंट खोटा तर मशीन चाललं कसं? आणि एजंट खरा तर मिकेस...

डोकं चालत नाही. दोन माणसं, दोन निदानं, आणि मधे मी. मला एवढंच कळतं की कोमट वारं येतंय.

३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी रॅपिड क्रीकच्या बाजारात कच्ची पपई घ्यायला गेले. तिमोरी भाजीवाली मला पंधरा वर्षं ओळखते. म्हणाली, "आज तोंड का उतरलंय?" मी रडायलाच लागले! पपया हातात घेऊन! लोक बघताहेत.

सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझी दोमिंगास हेच करते. एसीचंच. परवाना आहे तिला गॅसचा. पाठवू?"

मुलगी? एसीची?

"का? एसीला दाढी लागते का?"

बुधवारी पाठवते म्हणाली.

४ नोव्हेंबर, सोमवार

पडलो. दोघंही.

सकाळी अकराला त्याला पलंगावरून खुर्चीत घेत होते. खोली तापलेली. त्याचे गुडघे मधेच गेले, सगळा भार माझ्यावर, माझी कंबर गेली, आणि आम्ही फरशीवर. तो माझ्या हातावर. लागलं नाही फारसं. पण उठता येईना! मला उठता येईना, तर त्याला कोण उठवणार?

वीस मिनिटं तसेच पडून होतो. फरशी गार होती. मी म्हटलं, "एवढी गार फरशी आणि आपण पलंगावर कशाला झोपतो रे?" आणि मला हसू आलं, आवरेचना. तो हसला नाही. छताकडे बघत होता. डोळ्यांच्या कडेने पाणी कानात जात होतं. त्याला पुसता येत नव्हतं, कारण हात माझ्या पाठीखाली.

"दुखतंय का?" विचारलं.

"तुझं दुखतंय," म्हणाला.

शेवटी सरकत सरकत टेबलाचा पाय धरून उठले. कालिरोईला सांगायचं नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

दोमिंगास! तिशीची असेल, बुटकी, डोक्याला रुमाल, हातावर वंगण. येण्याआधीच फोनवर सांगितलं: "यायचे एकशे तीस, त्यात पहिला तास आला. त्यापुढे काही करायचं झालं तर आधी आकडा सांगेन, तुम्ही हो म्हणालात तरच हात लावेन."

असं कुणी बोलतं? मला वाटायचं, डॉक्टरला आणि एसीवाल्याला आधी किंमत विचारणं वाईट दिसतं.

दाब मोजला. मग कॉम्प्रेसरच्या वायरीभोवती चिमट्यासारखं यंत्र लावलं आणि मला बोलावलं. "आंटी, कॉम्प्रेसर किती वीज ओढतोय तो हा आकडा वाचा. आता मशीनवरच्या पट्टीवर काय छापलंय ते वाचा." छापलेल्या आकड्याच्या आतच होता. "म्हणजे तुमचा कॉम्प्रेसर तरुण आहे."

"मग गॅस का संपतो?"

"गॅस म्हणजे पेट्रोल नाही, आंटी. जळत नाही, झिजत नाही. तोच गॅस वीस वर्षं आत फिरायला हवा. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गेला. गळती न बुजवता जो गॅस भरतो तो भोकाच्या बादलीत पाणी ओततो आणि बादलीचे पैसे घेतो."

साबणाचं पाणी ब्रशने नळ्यांच्या सांध्यांवर लावलं. बाहेरच्या डब्याजवळ, जिथे नळी नटने आवळतात, तिथे बुडबुडे यायला लागले. बारीक, एकामागून एक. मी मांडी घालून बघत बसले, उन्हात! तीन आठवडे ज्याने मला नाचवलं ते हे. मुगाच्या दाण्याएवढं!

आकडा सांगितला: पाचशे चाळीस, सगळं धरून. हो म्हटलं. नळीचं टोक कापून नवं केलं, नट बदलला, दाब भरून, कुठून गळत नाही ना हे बघत अर्धा तास थांबली, मग आतली हवा ओढून काढली आणि गॅस तोलून भरला. तराजूवर, साखर तोलावी तसा. बिलावर प्रत्येक गोष्ट वेगळी लिहिली. जुना नट माझ्या हातात दिला. म्हणाली, "बदललेला भाग मागून घ्यायचा नेहमी. कुणीही येवो."

"वायरिंग?" मी विचारलं. "बोर्ड?"

तिने बोर्ड उघडून पाहिला. "काय झालंय त्याला? छान आहे."

भिंतीतली नळी? छान आहे. सगळं छान आहे!

म्हणजे मिकेसची चूक नव्हती. चूक एक होते. कॉम्प्रेसर, नळी, वायरिंग, बोर्ड — चार चुका मिळून खोटं होतं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

गार आहे. स्टामाटिस उठून खिडकीपर्यंत गेला. मी त्याला दोमिंगासचं बिल दाखवलं, एकेक ओळ वाचून. मिकेसचं नाव घेतलं तेव्हा म्हणाला, "झालं ना सुरू? सोड आता."

सोड? तीन आठवडे उकडून निघालास तू! आपण फरशीवर पडलो! मित्र आहे म्हणून लुटू द्यायचं?

"मिकेस लुटारू नाही."

"मग काय आहे?"

भिंतीकडे तोंड केलं.

१० नोव्हेंबर, रविवार

बोलले मी. चर्चनंतर हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. ठरवून गेले नव्हते. मिकेस बायकोच्या, सेवास्तीच्या, शेजारी बिस्किट बुडवत होता. ते सुखाने बिस्किट बुडवणं बघितलं आणि माझा तोल गेला.

"पाचशे चाळीस लागले, मिकेस! सात हजार चारशे नाही! एक नट होता! माझ्या नवऱ्याची अवस्था माहीत असून तू आम्हाला सात हजाराला खड्ड्यात घालत होतास? आणखी किती म्हाताऱ्यांना घातलंस?"



वाटलं, भांडेल. ओरडेल. त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, "खरं आहे, कुंबारा. चुकलं माझं." आणि टोपी घेऊन निघून गेला.

सेवास्ती गेली नाही लगेच. माझ्याकडे अशी बघत राहिली की... रागाने नाही. कीव आल्यासारखी. तिला माझी कीव कसली?

घरी येऊन स्टामाटिसला सांगितलं. त्याने जेवण ढकललं. आवडीचा मासा होता.

१३ नोव्हेंबर, बुधवार

महिन्याच्या दुसऱ्या बुधवारचा पत्त्यांचा डाव झाला नाही. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. मिकेस आला नाही. स्टामाटिस दुपारभर पत्ते पिसत बसला, एकटा, हातातून सांडत, परत गोळा करत.

तीन बायकांचे फोन आले. "बरं झालं बोललीस. आम्हीही आता दुसरा माणूस बघतोय." चौथीने तर त्याचं ठरलेलं काम रद्द केलं म्हणे. मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. जिंकल्यासारखं वाटत नाही. काहीतरी मला दिसत नाहीये. खोटं बोलणारा माणूस पैसे का घेत नाही पहिल्या दिवशीचे? भांडत का नाही? मशीन सुरू झालं म्हणून तोंड का पाडतो?

आणि स्टामाटिस माझ्या बाजूने का नाही?

१६ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी त्याला उठवताना कंबर धरली. "आई गं" निघालं तोंडातून. त्याने माझं मनगट घट्ट पकडलं, सोडेचना. मग म्हणाला, "पाणी दे."

१८ नोव्हेंबर, सोमवार

कॉफी पिताना स्टामाटिस म्हणाला, "मिकेसला मी सांगितलं होतं. मोठा आकडा सांग म्हणून. तो नाहीच म्हणत होता. मी रडलो त्याच्यापुढे."

"का?"

"घर परवडेनासं झालं की तू सोडशील. मी 'पोरीकडे जाऊ या' म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, माझ्यासाठी म्हणतोयस. नोमिकी, हे घर मला कधीचंच नकोय. तू मला उचलता उचलता मरशील."

मग मी इथे बारा वर्षं कुणासाठी राहिले?

दुपारी माफी मागायला मिकेसच्या दारात जाऊन उभी राहिले. बेल वाजवायच्या आधी त्यानेच दार उघडलं.

"आत ये, कुंबारा," म्हणाला. "उन्हात नको उभी राहूस."